मूळभाषकाची साक्ष

सत्य बोलणे हा मनुष्यमात्राचा धर्म होय, याविषयी आपल्या पूर्वजांत फारसा मतभेद नव्हता. मात्र छापील फॉर्मवरील चौकोनात सत्याची खूण करणे हा धर्म, अधर्म की केवळ कार्यालयीन सोय, याचा निर्णय त्यांनी देऊन ठेवलेला नाही. कारण त्यांच्या काळी चौकोन यज्ञवेदीला असत, फॉर्मला नसत. हा निर्णय करण्याचे दायित्व अखेर न्यू जर्सीतील एडिसन गावी, एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या उपाहारगृहात, पुरुषोत्तमराव टोळे यांच्यावर येऊन पडले.

पुरुषोत्तमराव मूळचे वाईचे. छत्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, आणि आता चिरंजीव प्रसाद यांच्याकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले. सकाळी फूटपाथवरून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत समोरच्या गोऱ्या गृहस्थांना हात हलवून अभिवादन, नंतर डिशवॉशरमध्ये भांडी लावणे, आणि संध्याकाळी सूनबाई आश्लेषा तीच भांडी काढून निराळ्या क्रमाने लावताना शांतपणे पाहणे, अशी त्यांची दिनचर्या होती. चित्त मात्र एकाच ठिकाणी गुंतलेले असे. नऊ वर्षांची नात सावनी त्यांच्याशी दिवसातून दोनच वाक्ये बोले. "हाय आजोबा" आणि "बाय आजोबा". दोहोंच्या मध्ये सुमारे चार मिनिटे जात. डिसेंबरच्या चौदा तारखेला परतीचे विमान होते. तोवर नातीशी एकदा पोटभर बोलता यावे, एवढ्याच इच्छेने म्हातारा सातासमुद्रापार आला होता.

एडिसनच्या रविवारच्या मराठी शाळेत त्या सुमारास आठ महिने शिक्षक नव्हता. जाहिरातीत अट एकच होती: उमेदवार नेटिव्ह स्पीकर, म्हणजे मूळभाषक असावा. मूळभाषकांची तेथे वाण नाही. रविवारी भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही ती त्यांच्यामुळेच. पण याच कारणाने ते शिकवायला मोकळे नव्हते. अखेर अर्ज आला तो एक, आणि तोही सोयन पार्क नावाच्या कोरियन मुलीचा.

मुलाखतीला तज्ज्ञ म्हणून पुरुषोत्तमरावांना बोलावण्यात आले. त्यांची पात्रता वादातीत होती: ते रविवारी रिकामे होते. शनिवारीही होते.

"सो, सोयन," शाळेच्या समितीचे अध्यक्ष उल्हासराव म्हणाले, "बेसिकली तू मराठीत फ्लुएंट आहेस का?"

"बोलता येतं, काका. वाचताही येतं. लिहिताना ऱ्हस्वदीर्घ अधूनमधून चुकतं, ते मी तपासून घेते."

"ओ माय गॉड, किती क्यूट बोलते!" सचिव नीलांबरीबाई म्हणाल्या.

"पण मदर टंग कोरियन ना?" उल्हासरावांनी विचारले.

"आईची कोरियन. पण आईबाबा दोघंही पुण्याजवळच्या कारखान्यात असायचे. मला तळेगावच्या नंदामावशींनी वाढवलं. दोन वर्षांची असल्यापासून सतरा वर्षांची होईपर्यंत. पडले की मी मराठीतच रडायचे."

"मग इथे कशाला टाइम वेस्ट करतेस? आय मीन, संडेला?"

"आठवडाभर मी औषधांच्या कंपनीत आकडे तपासते. शनिवारी कपडे धुते. नंदामावशी गेल्या वर्षी वारल्या. रोज फोन असायचा त्यांचा. तेव्हापासून मराठीत बोलायला कुणी उरलं नाही. रविवार तरी मिळाला तर बरं होईल."

समितीचे डोळे पाणावले. नियमावली मात्र कोरडीच राहिली. एडिसनमध्ये मराठी बोलायला कुणी नाही, हे विधान उमेदवाराचा गैरसमज म्हणून नोंदवून घेण्यात आले. पुढे असे ठरले की सोयन पार्क यांस हंगामी परभाषक अध्यापिका म्हणून नेमावे, आणि प्रत्येक तासाला एका मूळभाषकाने साक्षीदार म्हणून वर्गात बसावे. साक्षीदाराला खुर्ची आणि एक चहा मिळेल. पुरुषोत्तमराव खुर्चीवर बसले.

पहिल्या रविवारी मुले नऊ होती. शिक्षिका कोरियन आहे ही वार्ता पसरताच पुढच्या रविवारी ती चौतीस झाली आणि महिन्याभरात त्रेसष्ट. एडिसनच्या बालकांना त्या वर्षी कोरियाचा ध्यास लागला होता. त्यांच्या भिंतींवर कोरियन गायक होते, वाट्यांत कोरियन शेवया होत्या, आणि काही मातांच्या मुखांवर कोरियन लेप होते. मुलांना कोरियन शब्द हवे होते. सोयनने व्यवहार ठरवला.

"दहा वाक्यं मराठीत बोला, मग एक कोरियन शब्द सांगेन. इंग्रजी शब्द आला की पहिल्यापासून मोजणी."

पाठशाळेत छडीने जे झाले नाही ते येथे शेवयांनी झाले. सहाव्या रविवारी परतताना गाडीच्या मागच्या आसनावरून सावनीने अकस्मात विचारले, "आजोबा, तुम्ही लहान असताना कुणाला घाबरायचात?"

पुढे बसलेल्या प्रसादने दचकून ब्रेक दाबला.

"विहिरीतल्या कासवाला," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"का?"

हा 'का' ऐकायला ते चौदा तास विमानात बसून आले होते. कासव रात्री माणसाचे नाव घेऊन हाक मारते असे थोरला भाऊ सांगे, तेव्हापासूनची सारी हकिकत त्यांनी सांगितली. घर आले, गाडी थांबली, प्रसाद उतरून गेला, तरी आजोबा आणि नात मागच्या आसनावर बसूनच होते.

सुखाचा काळ समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत टिकला. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. पहिली परीक्षित नावाच्या गृहस्थांची होती.

"माझा नकुल काल मला म्हणतो, 'बाबा, कॅन्सल नाही, रद्द.' डिनर टेबलवर, गेस्टसमोर! मी त्याला ग्राउंड करणार होतो यार, घराबाहेर जाणं बंद, पण त्याला काय बोलू? जे बोलणार त्यात तो करेक्शन काढणार."

"आणि ॲक्सेंट बघा ना," नीलांबरीबाई म्हणाल्या. "मुलांचे उच्चार फार क्लिअर येतायत. हा आपला नॅचरल ॲक्सेंट नाहीये. हे बाहेरचं आहे."

उल्हासराव न्यायी पुरुष होते. "आपण बायस्ड नको व्हायला," ते म्हणाले. "ऑब्जेक्टिव्ह टेस्ट घेऊ. सोयनची आणि आपलीसुद्धा."

शंभर गुणांची परीक्षा झाली. पुरुषोत्तमराव शंभर, सोयन पार्क अठ्ठ्याण्णव, उल्हासराव एक्केचाळीस, नीलांबरीबाई छत्तीस. निकालावर समितीने दोन तास विचार करून तर्कशुद्ध निष्कर्ष काढला. मूळभाषक नापास होतील अशी परीक्षा मूळभाषेची असूच शकत नाही. अर्थात दोष उत्तरपत्रिकांत नसून उत्तरतालिकेत आहे. बहुसंख्य मूळभाषकांनी दिलेले उत्तर तेच बरोबर, या तत्त्वावर नवी तालिका तयार करण्यात आली. फेरतपासणीत उल्हासराव शहाण्णव गुणांनी उत्तीर्ण झाले. सोयनला एकोणीस मिळाले. पुरुषोत्तमरावांना सतरा मिळाले, परंतु त्यांच्या जन्मदाखल्याकडे पाहून त्यांना वाढीव गुण देण्यात आले.

उरली ती साक्षीदाराची सही. फॉर्मवर एकच प्रश्न होता: 'अध्यापिका मूळभाषक आहे काय?' उत्तर 'नाही' असे आल्यास नेमणूक आपोआप संपुष्टात येणार होती.

"मी लिहू तरी काय, बाळ?" पुरुषोत्तमरावांनी सोयनला विचारले.

"जे खरं असेल ते लिहा, काका. खोटं लिहिलंत तर मलाच शिकवताना लाज वाटेल."

पुरुषोत्तमरावांनी आयुष्यात कधी खोटे लिहिले नव्हते. त्यांनी 'नाही' या चौकोनात खूण केली. खूण सुबक होती.

त्या संध्याकाळी सावनी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "तुम्ही 'नाही' का लिहिलंत?"

"कारण ते खरं होतं."

"ताई चांगलं शिकवायची. ते खरं नव्हतं?"

"ते फॉर्मवर विचारलं नव्हतं गं."

"ओके. बाय आजोबा," ती म्हणाली, आणि गेली. पुढचे तीन आठवडे तेवढेच.

मराठीचा वर्ग आता पुरुषोत्तमरावांकडे आला. पहिल्या रविवारी मुले होती सात, आणि त्यांपैकी दोघे चुकून बास्केटबॉलऐवजी तेथे आले होते. त्रेसष्ट घरांतून मात्र ओरड सुरू झाली: मुलांना सोयनताईच हवी. समिती लोकमताचा आदर करणारी होती. कोरियन वर्ग काढायचा ठराव एकमताने झाला. मूळभाषकाची अट तेथेही होतीच, पण तेथे तिची पूर्तता फोटो पाहूनच झाली.

"काका, पण माझं कोरियन कच्चं आहे," सोयन उल्हासरावांना म्हणाली. "आजी हसायची मला. पुण्यात वाढले ना."

"चालेल गं. दिसतेस ना कोरियन!"

सोयन हसली. "माझी आत्या कोरियात, तेगूला, इंग्रजीची शिकवणी चालवते. तिथेही अर्जाला फोटो लागतो. एका गोऱ्या मुलाला वर्गात उभं करतात, पालक काचेतून बघतात आणि खूश होतात. शिकवते आत्याच. तो बिचारा शनिवार-रविवार तिच्याकडेच व्याकरण शिकायला येतो."

"एक्झॅक्टली!" उल्हासराव म्हणाले. "त्यांना कळतं हे."

कोरियन वर्ग सुरू झाला. साक्षीदार म्हणून पुन्हा पुरुषोत्तमरावच बसले, कारण नियमात मूळभाषक साक्षीदार हवा असे लिहिले होते, कोणत्या भाषेचा ते लिहायचे राहिले होते. सोयनजवळ कोरियन होते थोडे, आणि ते समजावून द्यायला भाषा एकच होती. "कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, अगदी मराठीसारखं," ती सांगे, आणि मराठीत कसे येते ते दाखवण्यातच तास निघून जाई. मुले जुन्याच व्यवहारावर खूश होती. दहा वाक्ये, एक शब्द. पालक अतिशय संतुष्ट होते. आमची मुले कोरियन शिकतात हे सांगताना त्यांचा ऊर भरून येई. नकुलने घरी चूक काढली तरी आता ती कोरियन शिस्त म्हणून कौतुकाने ऐकली जाऊ लागली.

डिसेंबरच्या सात तारखेला वार्षिक कार्यक्रम झाला. कोरियन वर्गाने 'कोरियन लोककथा' सादर केली. रंगीत पोशाखातील मुलांनी कमरेत वाकून कोरियन नमस्कार केला, आणि नाटक सुरू झाले. एक विहीर होती. विहिरीत कासव होते. ते रात्री माणसांना नावाने हाक मारी, कारण त्याच्याशी बोलायला कुणी नव्हते. कासवाचे काम सावनीने केले होते. नाटक पंचवीस मिनिटे चालले. त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता, आणि नमस्कार सोडता कोरियनही नव्हता.

टाळ्यांनी छत दणाणले. परीक्षित शेवटपर्यंत फोनवर चित्रण करत होते.

"कोरियन कल्चर किती रिच आहे यार," ते म्हणाले. "आणि गंमत बघ, काही काही वर्ड्स ओळखीचे वाटत होते."

"अरे, शेवटी सगळ्या लँग्वेजेस कनेक्टेडच असतात," त्यांच्या शेजारचे म्हणाले. "माझी आजी असं काहीतरी बोलायची."

पुरुषोत्तमराव मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. आपल्या विहिरीचे कासव कोरियाचे झाले याचे त्यांना दुःख नव्हते. दुःख निराळे होते. उल्हासराव हातात फॉर्म घेऊन त्यांच्याकडेच येत होते.

"काका, परभाषा वर्गाचं कम्प्लायन्स. नेक्स्ट इयरसाठी. जस्ट टिक करा. सगळे म्हणतायत क्लास कंटिन्यू करा."

प्रश्न एकच होता: 'या वर्गात परकी भाषाच शिकवली जाते काय?' उत्तर 'नाही' असे आल्यास वर्ग बंद.

व्यासपीठावर सोयन मुलांच्या कमरेचे पट्टे सोडत होती. सावनी तेथूनच आजोबांकडे टक लावून पाहत होती. तिला आता फॉर्म ओळखू येत होते. पुरुषोत्तमरावांनी लेखणी उघडली आणि ती तशीच धरून ठेवली. वर्गात चौदा आठवडे कोणती भाषा शिकवली गेली हे त्यांच्याइतके कोण जाणत होते? मग त्यांनी डोळे उचलून सभागृहाकडे पाहिले. त्रेसष्ट घरांचे मायबाप तेथे होते. पोरांचे मुके घेत, आपल्याला न ओळखता आलेल्या भाषेची एकमेकांजवळ स्तुती करत होते.

पुरुषोत्तमरावांनी 'होय' या चौकोनात खूण केली. आपण आजवर इतके खरे काही लिहिले नव्हते, असे त्यांना वाटले, आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटले.

चौदा तारखेला विमानतळापर्यंतच्या पन्नास मिनिटांत सावनी अखंड बोलत होती. कासव विहिरीत काय खाते, त्याला थंडी वाजते का, पुढच्या उन्हाळ्यात वाईला आल्यावर ते आपले नाव घेईल का. दारातून आत जाताना पुरुषोत्तमरावांनी मागे वळून हात केला. "बाय आजोबा" असे ती म्हणाली नाही. "या हं परत," म्हणाली.

ही गोष्ट दूर एडिसनची आहे, असा विचार करून वाचकाने खुशाल स्वस्थ राहावे. केवळ आज जेवताना धाकट्याकडे एकदा पाणी मागून पाहावे. ते कोणत्या भाषेत येते ते ऐकावे, आणि आपण ते कोणत्या भाषेत मागितले, तेही. फॉर्म लागल्यास उल्हासरावांकडे कोरे पुष्कळ आहेत.

असो. सोयनचे रविवार असेच भरलेले राहोत. तळेगावच्या नंदामावशी जेथे असतील तेथे त्यांच्या कानी ती वाक्ये पडोत. उल्हासराव, नीलांबरीबाई आणि परीक्षित यांना उत्तम आरोग्य आणि गाडी लावायला जागा लाभो. आणि विहिरीच्या तळाशी जो कुणी बोलायला माणूस नाही म्हणून हाका मारीत असेल, त्याला कुणीतरी, कोणत्याही देशाचे, ओ देवो.