पहिल्या हाकेला उठणारा गराशा

पोळ्याच्या दिवशी आमच्या आखाडा बाळापुरात तोरणाखाली बैलांची रांग लागते आणि त्या रांगेत हिरामणदादा राठोड आपला ट्रक उभा करतात. कडेला कुठेतरी नव्हे, चांगला मधोमध. बोनेटला बाशिंग, पुढच्या जाळीवर आरशाच्या तुकड्यांची झूल, दोन्ही बाजूंना घुंगरमाळा. मी नवा मास्तर म्हणून गावात आलो त्या वर्षी पाटील त्यांच्याशी भांडत होते.

"हिरामण, हे काहून आणलंस इथं?"

"बैल हाय, पाटील."

"याला शिंगं कुठं हायेत?"

दादांनी दोन्ही दिव्यांवर हात ठेवले. "हे काय."

"शेण टाकतो का?"

"धूर टाकतो."

पाटील ट्रकला वळसा घालून मागं बघायला गेले. तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली आणि ट्रक बैलांच्या चालीनं तोरणाखालून निघूनही गेला. तेव्हापासून त्याची जागा ठरली ती ठरलीच.

ट्रकचं नाव गराशा. दादा जवळच्या तांड्यावरचे. त्यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचा. त्या बैलांच्या तांड्यात सगळ्यांत पुढं चालणारा जो सजवलेला बैल, तो गराशा. दादांच्या हिशेबी मधल्या काळात फक्त पायांची चाकं झाली, बाकी फरक काही नाही.

गराशा मूळचा लष्कराच्या भंगारातला. लांब नाक, गोल मडगार्ड, मागं सागवानी फळ्यांचा सपाट ओटा. वरून बघितला तर वाटावं, हा गावाच्या वेशीपर्यंतही जायचा नाही. पण आतलं सगळं नवं. इंजिन घाटात उलटलेल्या एका ट्रकचं, डिझेलचं. ब्रेक हैदराबादहून आणलेले, त्यावरून मी त्यांना फार चिडवी. गिअरबॉक्स नांदेडच्या भंगार बाजारातला. तो त्यांनी गोधडीत गुंडाळून एसटीतून मांडीवर आणला म्हणे. कंडक्टरनं विचारलं तेव्हा म्हणाले, "हळू बोला, आजारी हाय." शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली, वर गोधडी नीट करायला हातही पुढं केला. दादांनी तो हात मोठ्या अदबीनं थांबवला.

"बाहेरून आजा, आतून नातू," असं ते गराशाबद्दल सांगत. दिवसातून निदान चार वेळा सांगत आणि दर वेळी आपणच खूश होत.

माझी खोली त्यांच्या शेडच्या अगदी समोर. त्यामुळे या नातवाचा मला फार जाच झाला. रोज पहाटे पाच वाजता दादा ट्रकमध्ये बसायचे, एकदा स्टार्टर मारायचे, इंजिन धडधडलं की लगेच बंद करून खाली उतरायचे. कुठं जायचं नसलं तरी. मी एकदा तणतणत बाहेर गेलो.

"दादा, जायचं नाही तर झोपू तरी द्या लोकांना!"

"हाक मारून बघितली, गुर्जी. पहिल्या हाकेला उठला पायजे."

"आणि दुसऱ्या हाकेला उठला तर?"

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काही अभद्र बोललो. त्या दिवशी ते मला चहाला बोलवायचं विसरले. ते विसरले नव्हते, हे दुसऱ्या दिवशीही बोलावणं आलं नाही तेव्हा मला कळलं.

त्यांचे नियमही असेच. जवळा बाजारचा कापूस नेतील, कुरुंद्याची हळद नेतील, पण दिवस मावळायच्या आत ट्रक परत दारात. मुक्कामाचं भाडं खुद्द देवानं आणून दिलं तरी नको. ट्रकच्या ओट्याला कडेच्या फळ्या लावा म्हणून व्यापारी घसा कोरडा करत. दादा ऐकत नसत. चारी बाजू उघड्या ठेवून, आजाच्या गाठी मारून माल बांधत. आणि त्या ओट्यावर मधोमध चार लोखंडी वाट्या पक्क्या ठोकलेल्या होत्या. त्यात माल अडकायचा, पोती फाटायची, पण वाट्या काढायच्या नाहीत.

"यात काय, कोंबड्यांना दाणे घालता का?" मी एकदा विचारलं होतं.

"बराबर हाय ते," एवढंच म्हणाले.

शेडमध्ये भिंतीला एक सुरेख बाज टांगलेली असे. दर दिवाळीला दादा तिचा सुंभ नव्यानं विणत. स्वतः मात्र खाली घोंगडीवर झोपत. त्यावरूनही मी त्यांची यथेच्छ थट्टा केली. बाज भिंतीला आणि माणूस जमिनीला, हा कुठला कारभार, असं मी चारचौघांत विचारी. लोक हसत. दादाही हसत.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. सुधा, माझी बायको, पोटुशी होती. दिवस भरायला महिना बाकी होता, पुढच्या आठवड्यात तिला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटून मी घरी आलो तर ती भिंतीला धरून बसलेली. सुईणबाई आल्या, त्यांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"मूल आडवं हाय, गुर्जी. माझ्या हातचं काम न्हाई हे. आत्ताच्या आत्ता कळमनुरीला न्या. आन् हिला बसवू नका, आडवीच न्या."

एसटी तासाभरापूर्वी गेलेली. बैलगाडीनं संध्याकाळ होणार. मी रस्ता ओलांडून शेडकडे पळालो. दादा जेवायला बसले होते. मी काय बोललो मला आठवत नाही. ते खरकट्या हातानंच उठले.

आमच्या बाजेवर सुधाला ठेवून चौघांनी ती उचलून आणली. उघड्या कडेवरून बाज सरळ ओट्यावर सरकली, जराही तिरकी करावी लागली नाही. पण तिचे पाय त्या वाट्यांत बसेनात. आमची बाज दोन विती लांब होती. खालून दगड लावू, दोरीनं बांधू, असं जो तो सांगायला लागला.  दादा शेडमध्ये गेले आणि भिंतीवरची बाज काढून घेऊन आले.

तिचे चारही पाय चार वाट्यांत बसले. बाज हलवून बघितली तर हलेना. त्या ओट्याचं माप कशावरून घेतलं होतं, हे तेव्हा मला कळलं. मी कोंबड्यांच्या दाण्यांवरून थट्टा केली होती, ती आठवून मला त्या घाईतही लाज वाटली.

दादांनी स्टार्टर मारला. एकदाच.

कळमनुरीचा रस्ता म्हणजे खड्डे आणि त्यांच्यामध्ये थोडा रस्ता. सुधा ओठ चावून पडून होती. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून ओरडत होतो, "दादा, जोरात घ्या! जोरात!" त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुमी छत्री धरा, गुर्जी. गाडी मी धरून राहिलो." प्रत्येक खड्ड्याआधी ट्रक मऊपणे थांबत होता आणि लगेच उचल घेत होता. हैदराबादच्या ब्रेकवर मी केलेले सगळे विनोद मी मनातल्या मनात परत घेतले.

डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर थांबवलं. दीड तासानं मुलगी झाली. दोघी सुखरूप. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं बाई म्हणाल्या.

मी धावत आवारात आलो. दादा ट्रकला टेकून उभे होते. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि विचारलं, "पहिल्या हाकेला उठला ना, गुर्जी? तुमी बघितलं ना?"

"बघितलं, दादा."

"एकाच हाकेला?"

"एकाच."

डोक्याचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. "गमळीच्या वक्ताला न्हाई उठला. आमची मंडळी. तिचंबी असंच झालतं. तवा जुनं इंजिन, हँडलवालं. फिरवून फिरवून हाताची सालटं गेली. मग तसंच ही बाज उचलून पायी निघालो, वाटंतच गेली ती. गराशाची झूल तिच्याच हातची हाय." बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "मग सगळं खोललं. म्हटलं, आता कुणाची हाक वाया जाऊ द्यायची न्हाई."

 मी त्यांचा हात धरला. तळव्यावर जुने वण होते. इतक्या वर्षांत मला ते दिसले नव्हते.

मी आत जाऊन सुधाला आणि लेकीला बघून आलो. परत येतो तो दादा ओट्यावर, त्या बाजेवर झोपलेले. उघड्यावर, ऐन दुपारच्या उन्हात, रुमाल तोंडावर घेऊन. बाजेवर निजलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. मी छत्री उघडली आणि त्यांच्या उशाशी बसलो.

दिवस मावळायच्या आत गराशा गावात परत न्यायचा, हा त्यांचा नियम मला पाठ होता. ऊन कललं, सावल्या लांबल्या. तरी मी त्यांना हाक मारली नाही.