शमुवेलनं न मारलेलं प्यादं

शमुवेल बुद्धिबळाचा डाव कायम कडेच्या प्याद्यानं उघडतो. जगात दुसरं कुणी असं करत असेल तर मला आणून दाखवा. विचारलं की म्हणतो, "आधी खिडकी उघडू. वारं येऊ दे." मारलेल्या मोहऱ्यावर फुंकर घालून ते शर्टाच्या खिशात ठेवतो. घोडा असला तर त्याला म्हणतो, "चल, दाणा खा."

रेल्वेत पॉइंट्समन होता. रिटायर झाल्यापासून दौंडात त्याच्या ओट्यावर आमचा डाव असतो. मी चौथी शिकलेला, तो सातवी. पण शाळेचा आणि अकलेचा काही संबंध नाही, हे मी त्याला वेळोवेळी पटवून दिलं आहे.

रांजणगावला कारखाने आले त्या सुमारास शिरूरला स्पर्धा भरली. आम्ही एसटीनं गेलो. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर नेमका शमुवेलच आला. माझी लेक शिरूरला दिलेली; व्याही पहिल्या खुर्चीवर. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की दौंडात मला हरवणारा अजून जन्मायचाय.

शमुवेलनं खिडकी उघडली आणि तासाभरात माझं घर धुऊन नेलं. शेवटी राजाशिवाय त्याच्याकडं एक हत्ती, माझ्याकडं एक प्यादं, तेही हत्तीच्या तोंडात. व्याही चष्मा पुसायला लागले.

आमच्या ओट्यावर जुना नियम आहे: समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव बरोबरीत. म्हणून शेवटचं प्यादं कुणी मारत नाही. स्पर्धेत हे चालणार नाही, असं पंचांनी सकाळी दोनदा बजावलं होतं. तरी शमुवेल आपला हत्ती नुसता इकडून तिकडं फिरवत राहिला. बघणारे हसायला लागले. माझं प्यादं सरकत सरकत वजीर झालं. तो वजीर त्याच्या हत्तीनं मारला, हत्ती माझ्या राजानं. पटावर दोन राजे तेवढे उरले. बरोबरी.

पंच म्हणाले, "मामा, प्यादं फुकटात होतं की."

"व्हय का?" शमुवेल म्हणाला. "जुनी खोड."

व्याह्यांकडचा चहा मी मान ताठ ठेवून प्यालो. परतीच्या एसटीत मात्र राहवेना. खरंच विसरलास का, म्हणून त्याला विचारलं.

तिकिटाची घडी घालत तो म्हणाला, "मागं हरलास तवा पंधरा दिस ओट्याकडं फिरकला न्हाईस. मी रोज दोन्हीकडची मोहरी मांडायचो, आन् दिवेलागणीला उचलायचो."

"बारा दिवस," मी म्हणालो. "पंधरा न्हाई."