कोरियाहून आणलेला चेहरा

आमच्या गल्लीत कुणी नवीन भाडेकरू आला, की मी त्याला पाण्याची वेळ सांगते, कचऱ्याची गाडी कधी येते ते सांगते आणि तिसरी गोष्ट अशी सांगते, की शेजारच्या घराच्या खिडकीत पांढरा चेहरा दिसला तर ओरडू नका, त्या आमच्या रजनीताई आहेत.

चेहरा तरी कसला. ओला पांढरा कागद, त्याला डोळ्यांची दोन भोकं, नाकाशी एक चीर आणि तोंडाच्या जागी फट. फटीतून आवाज येतो, पण ओठ हलताना दिसत नाहीत. “ये व मंगल, बस. हसवू नको मले, घडी पडते.” समोर बसलेल्या बाईचा आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटावा, असा तो प्रकार. आमच्या दूधवाल्यानं हे रूप पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दूध आमच्या नालीनं प्यायलं. तेव्हापासून तो फाटकाशी पाठ करून उभा राहायचा आणि रजनीताईंचं भांडं हात मागं करून घ्यायचा.

रजनीताई तुमसरच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर घरात त्या आणि त्यांची म्हातारी माय, दोघीच. जन्मभर पोरींना नकाशात जग दाखवलं, आता आपण पाहावं म्हणून त्यांनी मायला नागपूरला भावाकडे ठेवलं आणि टूरवाल्यांबरोबर थेट कोरियाला गेल्या. मायला घेऊन परत आल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया चॉकलेटच्या आशेनं जमल्या होत्या. ताईंनी बॅग उघडली. आत नुसत्या बाटल्या, नळ्या, डब्या आणि पाकिटं. अंगावरची साडी सोडून बाकी कपडे तिकडेच वाटून आल्या की काय, अशी मला शंका आली.

“ताई, एवढं सगळं तोंडाले?”

“तोंडालेच. पण मले रिझल्ट पाहिजे.”

हा त्यांचा आवडता शब्द. शाळेतही म्हणे पोरींना कायम हेच. आता त्यांनी स्वतःच्या तोंडाची शाळा भरवली आणि दुसऱ्या बाकावर मला बसवलं. कुठलीही नवीन बाटली आधी माझ्या उजव्या गालावर. डावा गाल कोरा, तुलनेसाठी. एका बाटलीत गोगलगायीचा चिकट रस होता. आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, गोगलगायी झाल्या की लोक मीठ घेऊन धावतात, आणि हे लोक तिला पाळून तिचा शेंबूड विकतात, हे ऐकून माझ्या नवऱ्यानं दोन घास कमी खाल्ले. दुसऱ्या एका बाटलीत आंबवलेलं तांदळाचं पाणी होतं. माझा नवरा राईस मिलमध्ये आहे. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, “हे त धोवण आहे. आपण गाईच्या घमेल्यात टाकतो.” रजनीताईंनी त्याच्याकडे शाळेतल्या नजरेनं पाहिलं. “म्हणूनच गाय तुह्यापेक्षा तरुण दिसते.”

माझ्या भाचीच्या साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी एका बाजूनं उभी आहे. दुसऱ्या बाजूला त्या वेळी प्रयोग सुरू होता.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण मला हळूहळू एक गोष्ट टोचायला लागली. तोंडाला काही लावलं की बाई विचारते, “कशी दिसते मी?” रजनीताई तसं विचारत नसत. मास्क काढायच्या, उन्हात येऊन उभ्या राहायच्या, माझ्या डोळ्यांत डोळे घालायच्या आणि विचारायच्या, “मंगल, मी कोणासारखी दिसून राहिली?”

मी एका नटीचं नाव सांगितलं. त्यांना काही आनंद झाला नाही. दुसरीचं सांगितलं. “नीट पाह्य. पहिल्यापेक्षा काही फरक? नाकाजवळ? कपाळ?” मी म्हटलं, “ताई, तुम्ही तुमच्यासारख्याच दिसता.” त्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की मी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मग मला त्या घरातल्या बाकीच्या गोष्टीही दिसायला लागल्या. पुढच्या खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकलेला. भिंतीवर वडिलांचा फोटो, आजोबांचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी एक चौकोन रिकामा, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. आतल्या खोलीचं दार कायम लोटलेलं. मायला भेटू म्हटलं की, “झोपली आहे.” आणि दोन्ही वेळच्या जेवणाला, दुपारी आणि दिवेलागणीला, ताईंच्या तोंडावर तो पांढरा कागद चढलेला. चेहऱ्याची निगा राखणारी बाई ऐन जेवणाच्या वेळी मास्क का लावेल? आमच्या स्वयंपाकघराची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. त्या वेळी पलीकडून मला म्हातारं, खिदळणारं हसू ऐकू यायचं. टाळ्या वाजायच्या. कधी गाण्याची एखादी ओळ. मग एकदम चिडीचूप. भाजी ढवळता ढवळता मी भिंतीला कान लावायचे. नवरा म्हणायचा, “कोरियाहून बाटल्या आणल्या का भूत आणलं, पाहून ये.”

पाहणं झालं ते अचानक. एका दुपारी मी नव्या तांदळाची पिशवी द्यायला गेले. पुढचं दार उघडं होतं, आतलंही. रजनीताई ताट घेऊन आत उभ्या होत्या, आणि त्या दिवशी तोंडावर काहीच नव्हतं. समोर खाटेवर माय. काडीसारखी झालेली. तिनं वर पाहिलं आणि ताडकन उठली. या वयात माणूस इतक्या झटक्यानं उठू शकतं हे मला माहीत नव्हतं. तिनं पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला, सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटली आणि जमिनीकडे पाहत बारीक आवाजात म्हणाली,

“मामीजी, तुमचं जेवण व्हायचं आहे.”

मामीजी म्हणजे आमच्याकडे सासू. मी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. दार, अंगण, त्यापलीकडे भर दुपारचा रिकामा रस्ता. पुन्हा मायकडे पाहिलं तर ती तशीच जमिनीकडे पाहत उभी होती. खोलीत आम्ही तिघीच होतो, आणि माय चौथीशी बोलत होती. मला खरंच भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

रजनीताईंनी ताट खाली ठेवलं, मला बाहेरच्या खोलीत आणलं आणि कपाटातून तो भिंतीवरून उतरवलेला फोटो काढून माझ्या हातात दिला. जुना, पिवळा पडलेला. नऊवारीतली एक बाई खुर्चीत बसलेली. नाक तेच, कपाळ तेच, ओठांच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या त्याच दोन रेघा. रजनीताईच बसल्या होत्या खुर्चीत.

“माही आजी,” त्या म्हणाल्या. “मायची सासू. जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. पण माह्या तोंडावर परत येऊन राहिली. जसं वय होते तशी तशी येते.”

मग सगळं सांगितलं. मायचं सासर सिहोऱ्याचं, मोठं शेतकरी घर. सासूचं ताट उठल्याशिवाय सुनेनं भाताला हात लावायचा नाही, हा त्या घरचा नियम. आणि आजीला राग आला की ती मुद्दाम जेवायची नाही. म्हातारी लपवून ठेवलेला गूळ-चिवडा खायची आणि सून दिवसभर धान रोवून आली तरी उपाशी राहायची. आता मायचं डोकं फिरलं. जवळचं सगळं विसरली, नेमकं ते उरलं. लेक ताट घेऊन आली की तिला सासू दिसते, आणि सासू जेवली नाही म्हणून ती जेवत नाही. डॉक्टर झाले, सलाईन झालं. “मी वाढते, मंगल, अन् माही माय माह्यासमोर उपाशी राहते.”

कोरियात दुकानातल्या पोरीला ताईंनी आजीचा फोटो दाखवला होता. फोनमध्ये बोलून त्याचं भाषांतर करून घेतलं होतं, की ही बाई माझ्या चेहऱ्यावरून काढायची आहे. पोरीनं फोटो पाहिला, ताईंकडे पाहिलं, कमरेत वाकली आणि दुकानातलं जे जे होतं ते पिशवीत भरलं.

“अन् रिझल्ट?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“बाटल्यांचा काहीच नाही. मास्कचा आला, पण वेगळाच.” पहिल्या दिवशी मास्क लावून त्या चुकून आत गेल्या, तर माय टाळ्या वाजवत सुटली, “दंडार आली व, दंडार आली!” दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ. पूर्वी त्यात पुरुषच तोंडाला पांढरं फासून बायांची सोंगं घ्यायचे. मायला लहानपणी तिचं वेड होतं. समोर सोंग नाचतं आहे म्हटल्यावर माय हसत हसत सगळा भात जेवली. त्या दिवसापासून भूगोलाच्या बाई दोन्ही वेळा मास्क लावून मायसमोर गाणं म्हणत होत्या, हात नाचवत होत्या. भिंतीपलीकडे मी ऐकत होते ते हे. मी तांदूळ घेऊन गेले त्या दुपारी मास्कची पाकिटं संपली होती.

पुढचे काही दिवस आम्ही दोघींनी काय काय केलं! वापरलेले मास्क धुतले, दोरीवर वाळवले, पुन्हा ओले करून लावले. दोरीवर वाऱ्यानं हलणारे ते चेहरे पाहून दूधवाल्यानं आमची गल्लीच सोडली. पावडर फासून पाहिली, तर मायला त्याखालची मामीजी ओळखू यायची. तांदळाचं पीठ लावलं, ते बोलताना भातात पडायचं. मी स्वतः ताट घेऊन गेले, तर माय माझ्या कानात म्हणाली, “पहिले मामीजीले वाढ, नाहीतर तुलेही मार बसन.”

मास्क धुऊन धुऊन विरले. शेवटचा जो बरा उरला होता, तो एका दुपारी ताईंनी लावला. मी दारात बसले होते. ताईंनी गाणं सुरू केलं, माय हसली, पहिला घास उचलला. आणि मास्क सुटला. आधी कपाळावरून, मग गालांवरून सावकाश ओघळत खाली आला आणि ताटाशेजारी पडला. कागदाखालून आजी निघाली.

मायचा घास हातातच राहिला. हसू तोंडावर तसंच, पण डोळे विझले. तिनं घास ताटात ठेवला, पदर पुढं ओढला आणि उठायला लागली. मी रजनीताईंकडे पाहिलं. त्या मास्क उचलायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. मग ताठ झाल्या. ओठांच्या त्या दोन रेघा आणखी खोल गेल्या आणि त्या तोंडातून एक आवाज निघाला. दणकट, खडा, गावातल्या मालकिणीचा. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, तरी मीही पदर सावरला.

“उठली काहून? माहं जेवण झालं. जेव तू.”

मायनं पदराआडून पाहिलं. “खरंच झालं, मामीजी?”

“झालं म्हटलं नं. आज मीच पहिले जेवली. आता तू पोटभर जेव. कोणी काही म्हणत नाही तुले.”

माय हळूच बसली. घास घेतला. दुसरा घेतला. तिची नजर सासूवरून हलत नव्हती, पण भीती एकेका घासाबरोबर कमी होत गेलेली मला दिसत होती. थोड्या वेळानं तिनं ताट जरासं पुढं केलं. “मामीजी, थोडा भात देता काय?” उभ्या जन्मात सासूकडे तिनं दुसऱ्यांदा भात मागितला नसेल. रजनीताईंनी वाढला, तो अर्धा खाटेवर सांडला.

जेवण संपत आलं तेव्हा मायनं ताटाच्या कडेला मूठभर भात आणि भाजी वेगळी सारून ठेवली.

“हे राहू द्या. माही रजनी शाळेतून यीन, भुकेली राहते. तिच्यावर रागावत नका जाऊ, मामीजी. चेहऱ्यानं तुमच्यावर गेली, पण मनानं लय चांगली आहे.”

मी तोंडात पदर कोंबला. मला हसू आलं आणि रडूही आलं. रजनीताई त्याच खड्या आवाजात कशाबशा म्हणाल्या, “झाकून ठेवते तिच्यासाठी.” ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मायसमोर तो भात खाता येणार नव्हता, नाहीतर सासूनं पोरीचा घास खाल्ला असं झालं असतं. आत जाऊन त्यांनी तो उभ्यानंच खाल्ला. हुंदके देत, नाक ओढत, लहान पोर रडत रडत जेवतं तसा.

इकडे मायनं कान टवकारले. पदर खाली घेतला. सासूसमोरचा पदर तिनं पहिल्यांदाच आपणहून उतरवला होता.

“आली वाटते माही रजनी,” ती म्हणाली. “जेवून राहिली.”

“हाव माय,” मी म्हटलं, “आली.”