डाव्या पायात एक, उजव्या पायात दुसरा

आमच्या मजल्यावरचे टिपणीसकाका दोन पायांत दोन वेगवेगळे बूट घालून फिरायला लागले, तेव्हा अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत ऑक्टोबरचं ऊन होतं. म्हणजे दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. आणि काकांच्या डाव्या पायात घोट्याच्या वर जाणारा काळा, जाडजूड, कडक बूट. उजव्या पायात तपकिरी, जरा बुटका, मऊ. दोन्ही चामड्याचे आणि दोन्हींना पुढे बदकासारखी सपाट चोच. वर मात्र नेहमीचीच बर्म्युडा.

लिफ्टमध्ये मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला काय वाटतं, मीनल?"

"कशाबद्दल, काका?"

"हं," ते म्हणाले. "म्हणजे तूही सांगणार नाहीस."

टिपणीसकाका मुसफ्फातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. टाइल असो, पाइप असो, त्यांच्यासमोर आलं की आधी नापास. "पास काय, कुणीही करतं," असं ते म्हणतात. ऑफिस सुटलं तरी तपासणी सुटत नाही. कलिंगड गोड निघालं की त्यात इंजेक्शनचं भोक शोधतात. लिफ्ट बटण दाबल्याबरोबर आली तर "इतक्या लगेच?" म्हणून जिन्याने जातात. दुकानदाराने "हबीबी, बेस्ट प्राइस" म्हटलं की संपलं, काका दुकानाबाहेर. होळीला मी पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर पहिली पोळी त्यांनी खिडकीशी उजेडात धरली.

"इतकी पातळ? मग आहे काहीतरी," म्हणाले. आणि मग मुकाट्याने अख्खा डबा संपवला.

जो सगळ्यांवर संशय घेतो त्याच्यावर बिल्डिंगने संशय घ्यायला किती वेळ लागणार? बशीरभाई आमचे वॉचमन. त्यांनी मला एकदा बाजूला बोलावलं. "मॅडम, टिपणीस साब का कुछ टेन्शन है क्या? पार्किंग में अकेले एक घुटने पे बैठते हैं, उठते हैं, फिर दूसरे घुटने पे. और पार्सल पे पार्सल आ रहा है, सब यूरोप से."

"जॉब सोडून कॅनडाला चाललेत," समीरने, माझ्या नवऱ्याने, जाहीर करून टाकलं. "लिहून घे."

"मम्मा, ही इज जस्ट वेअरिंग शूज," आमची इरा म्हणाली. "व्हाय इज एव्हरीवन सो वीअर्ड?"

शेवटी मी काकांच्या बायकोला, नंदाकाकूंनाच गाठलं. त्या आधीच वैतागलेल्या होत्या. सकाळी मटार काढायला फ्रीझर उघडला, तर मटारच्या पिशवीवर बूट!

"थंडीत चामडं कडक होतं का ते बघतायत म्हणे. बर्फावर घसरायचे बूट आहेत ते."

"पण इथे कुठला बर्फ?"

"इथला नाही गं. मुक्ता विचारत होती." एवढं बोलून त्या कुकर बंद करायला गेल्या. कुकरची शिट्टी काही झाली नव्हती.

मुक्ता म्हणजे त्यांची मुलगी. उत्तर नॉर्वेत असते. तिकडच्याच लार्सशी तिने लग्न केलंय. त्याबद्दल काका कधी बोलत नसत, पण बुटांबद्दल विचारलं तर थांबत नसत. गल्फमध्ये येण्याआधी ते मुंबईत बुटांच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत माल तपासायचे. त्यामुळे चामडं हातात आलं की त्यांचा अंगठा आपोआप दाबून बघायला लागतो.

"या स्कीइंगला टेलिमार्क म्हणतात," चहा पिता पिता त्यांनी मला समजावलं. "चोच तेवढी स्कीत अडकवायची, टाच मोकळी. उतारावर एक गुडघा वाकवून वळायचं. त्याला हा काळा. घोटा घट्ट धरतो. पण डोंगरातून मैलोन्‌मैल चालायचं असेल, तर हा तपकिरी. पंजात वाकतो, पाय दुखत नाही."

"मग दोन्हीला चालेल असा एखादा मधला?"

"दुकानदार म्हणतो, आहे. म्हणजे फसवतोय."

"आणि लार्स काय म्हणतो?"

काकांनी कप खाली ठेवला. "तो म्हणतो, बाबा म्हणतील ते. इतकी वर्षं झाली, हा मुलगा माझ्याशी एकदाही वाद घालत नाही. इतका चांगला जावई? मग आहे काहीतरी."

जानेवारीत त्यांनी आम्हाला दुबईच्या मॉलमधल्या बर्फाच्या मैदानात न्यायला लावलं. नंदाकाकूंनी यायला साफ नकार दिला. तिथे स्की हवी तर त्यांचेच प्लास्टिकचे बूट घालावे लागतात, म्हणून काकांनी नुसतं बर्फात खेळायचं तिकीट काढलं. दारातली फिलिपिनो मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, प्लीज यूज अवर बूट्स."

"युवर बूट्स आर द प्रॉब्लेम," काका म्हणाले.

सुपरवायझर आला. त्याने काकांचे सोल बघितले. काकांनी त्याला विचारलं, हा बर्फ खरा कशावरून? त्याने घाईघाईने आम्हाला आत सोडलं.

आत लहान मुलं बर्फाचे गोळे फेकत होती. काका मधोमध उभे राहिले, डावा पाय पुढे टाकला, उजवी टाच उचलली आणि गुडघ्यावर बसले. नेमका समोर पेंग्विनचा पोशाख घातलेला माणूस आला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काका पेंग्विनला लग्नाची मागणी घालतायत. दोघातिघांनी फोटो काढले. एक पठाण धावत आला, "चाचा, तबियत ठीक है?" काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, "टेस्टिंग चालू है."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. समीर आणि इरा काहीतरी गरम आणायला गेले. काका बूट काढून मोज्यांवरून हात फिरवत होते, ओल आत आली का बघायला. मी म्हटलं, "काका, राग मानू नका, पण मुक्ता राहते तिथे पोरं चालायच्या आधी स्की करतात. तिला अबू धाबीहून सल्ला कशाला हवा?"

त्यांनी उजव्या पायाचा मोजा दाबून बघितला.

"लहानपणी ती मला सगळं विचारायची," ते म्हणाले. "मैत्रिणी, फ्रॉकचा रंग, कॉलेज, सगळं. मी प्रत्येकात खोट काढली. मला वाटायचं, बाप म्हणून तेच माझं काम. मग तिने विचारणंच बंद केलं. लग्नाचंसुद्धा विचारलं नाही, कळवलं." त्यांनी बुटाची नाडी सरळ केली. "सप्टेंबरात अचानक फोन. बाबा, तुम्हाला चामड्यातलं कळतं ना? कुठले बूट घेऊ?"

"मग सांगून टाका ना. काळा का तपकिरी?"

"सांगितलं की खलास," ते म्हणाले. "आता दर रविवारी विचारते, बाबा, कुठवर आलं? सांगून टाकलं तर पुढच्या रविवारी काय विचारेल?"

एवढ्यात समीर कप घेऊन आला. काकांनी कप नाकाशी नेला आणि म्हणाले, "यात दूध कुठलं आहे?"

एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. लॅपटॉपचा आवाज येत नव्हता. समोर पडद्यावर मुक्ता, मागे लाकडी भिंत. मी सेटिंग बदललं आणि तिचा आवाज आला. "बाबा, त्या शिलाईचं काय झालं? पाणी शिरलं?"

"काळ्यात नाही शिरलं. तपकिरीचा अजून भरवसा नाही."

तेवढ्यात तिच्या मागचं दार उघडून लार्स आत आला. गाल लालभडक. "नमस्कार, बाबा," म्हणून हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेला. दार तसंच उघडं राहिलं. दाराशी एक जोड बूट दिसत होते. बाईच्या मापाचे, तपकिरी, चामड्याचे, चोचीवर पांढरे ओरखडे, नाड्या विरलेल्या. खालच्या लादीवर बर्फाचं पाणी साचलं होतं. कालपरवा घेतलेले नव्हते ते, अख्खा हिवाळा वापरलेले होते.

जो माणूस टाइलवरची केसाएवढी चीर दारातून ओळखतो, त्याला हे दिसलं नाही असं होणंच शक्य नव्हतं. काकांची नजर पडद्याच्या त्याच कोपऱ्यात होती. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला आणि टेबलावर ठेवून दिला.

मुक्ताने वळून मागे बघितलं. परत समोर वळली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. "बाबा..." ती म्हणाली. "चष्मा का काढलात?"

"खराब झालाय," काका म्हणाले. "काय गं, तुझं काय मत? काळ्याची टाच पाण्यात भिजवून बघू का?"

मुक्ताने खुर्ची जराशी सरकवली. मागचं दार तिच्याआड झाकलं गेलं.

"बघा ना," ती म्हणाली. "मला काही घाई नाही, बाबा."

मी हळूच उठून स्वयंपाकघरात गेले. नंदाकाकू पोळ्या लाटत होत्या. बाहेर काका बराच वेळ बोलत होते, टाचेबद्दल, मेणाबद्दल, मग हवेबद्दल. शेवटी त्यांचा खाकरल्याचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, "लार्स जेवला का?"