वारुळाला रुचलेले शेपटीनगर

एका जंगलात, मुलांनो, साहित्याची फार काळजी घेतली जात असे. वाचायला कुणाला सवड नव्हती, पण काळजी घ्यायला होती.

त्या जंगलाच्या मधोमध एक उंच वारूळ होते. थोर वाङ्मयाचा आणि वारुळाचा फार जुना संबंध आहे, अशी तिथल्या जनावरांची श्रद्धा. म्हणून कोणता ग्रंथ टिकणार आणि कोणता नाही, हे वारूळच ठरवी. रीत सोपी होती. पावसाळ्याच्या तोंडावर पुस्तक वारुळात ठेवायचे. पावसाळा सरला की जाऊन पाहायचे. वाळवीने खाल्ले असेल, तर ते सकस. मग त्याला 'अभिजात' म्हणायचे आणि वारुळापाशी त्याच्या नावाचा दगड रोवायचा. वाळवीने तोंड लावले नसेल, तर लेखकाने ते मुकाट्याने घरी न्यायचे आणि वर्षभर मान खाली घालून फिरायचे.

हसू नका. मोठे झालात की तुम्हीही अशा समित्यांवर बसाल, आणि तेव्हा तुम्हाला हसू येणार नाही.

वारुळाचे प्रमुख होते खवलेशास्त्री. हे एक खवले मांजर. अंगभर खवले, लांबलचक जीभ आणि बोलताना डोळे मिटायची सवय. खवले मांजर काय खाते, ते तुम्हाला ठाऊक आहे ना? मुंग्या आणि वाळवी. पण त्या जंगलात ही गोष्ट कुणी चारचौघांत काढत नसे. शास्त्रीबुवा दिवसभर वारुळात तोंड घालून बसत आणि सगळे त्याला चिंतन म्हणत.

आता साळूबाईकडे येऊ. साळूबाई म्हणजे साळिंदर. लेखणीसाठी तिला कुठे जावे लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटला की झाले. तिने 'शेपटीनगर' नावाची गोष्ट लिहिली होती, चांगली सात भागांची. टुक्या नावाच्या पालीच्या पिल्लाची शेपटी तुटते, इथून ती सुरू होई. पालीला नवी शेपटी फुटते, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण जुनी कुठे जाते, हा विचार साळूबाईच्या आधी कुणी केला नव्हता. ती जाते शेपटीनगरात. जगातल्या सगळ्या तुटक्या शेपट्या तिथे राहतात. एका वाघाची शेपटी तिथली राणी असते. आणि टुक्या आपली जुनी शेपटी परत आणायला तिथे निघतो.

पिल्ले त्या पुस्तकांपायी वेडी झाली होती. अस्वलाची पोरे मधाच्या हातांनी पुस्तक धरत आणि पाने चाटत चाटत वाचत. भुरी डुकरिणीला डझनभर पोरे. भांडण नको म्हणून त्यांनी सातवा भाग फाडून वाटून घेतला होता. ज्याच्या वाट्याला मधली पाने येत, त्याला सुरुवात आणि शेवट भावंडांकडून ऐकावा लागे. वानरांची पोरे उलटी लटकून वाचत, त्यामुळे पुस्तकही उलटेच धरत.

"बाई, तुमच्या त्या शेपटीपायी माझी पोरं चिखलात लोळायला येईनात," भुरी वाटेत भेटली की तक्रार करी. "आता ह्यांना वळण लावायचं कसं?"

"अगंबाई!" साळूबाई म्हणे, आणि आतून सुखावे.

मग एक दिवस तिला भुरीच्या आधीच्या वेतातला थोरला भेटला. लहानपणी हा पहिला भाग उशाला घेऊन झोपायचा. आता त्याला सुळे फुटले होते आणि आवाज बसका झाला होता.

"काय रे, टुक्या आठवतो का?" साळूबाईने कौतुकाने विचारले.

"कोण टुक्या?" तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "हां हां, ते होय! लहानपणीचं! आता कुठं वेळ मिळतो, आजी." आणि तो कंद उकरायला निघून गेला.

साळूबाईच्या ते जिव्हारी लागले. वाचक मोठे होतात, हा बालसाहित्याला जडलेला जुनाच रोग आहे. पण आपल्या घरात शिरेपर्यंत कुणाला तो रोग वाटत नाही. आज ही पिल्ले आहेत, उद्या ह्यांनाही सुळे फुटतील. आपण तरी आता किती दिवसांच्या? काटे गळायला लागले आहेत. मग टुक्याला ओळखणारे कोण उरणार? तिला मूलबाळ नव्हते. जे काही होते ते टुक्याच होता.

ती उठली आणि तडक वारुळापाशी गेली.

"कोण आहे?" शास्त्रीबुवांनी डोळे मिटूनच विचारले.

"मी साळूबाई. 'शेपटीनगर' लिहिलंय मी."

"हं. ते पोरंटोरं वाचतात ते."

"तेच. ते टिकेल का हो, शास्त्रीबुवा? माझ्यामागं?"

शास्त्रीबुवांनी सुस्कारा सोडला. "अडचण आहे."

"कसली?"

"ते वाचलं जातं."

साळूबाईला काही उमजेना. तेव्हा शास्त्रीबुवांनी एक डोळा उघडला.

"हे बघा बाई. हत्तींचं 'गजगौरव' घ्या. घरोघरी प्रत आहे. कुणी उघडली? कुणी नाही. पाण्याचं मडकं डुगडुगू नये म्हणून जिथं ठेवली, तिथं ती राहिली. एका पावसाळ्यात वाळवीनं पुठ्ठ्यासकट स्वीकारली! ह्याला म्हणतात कस. तुमचं पुस्तक सकाळी अस्वलाकडे, दुपारी डुकरांकडे, संध्याकाळी झाडावर. वाळवीनं त्याचा विचार करायचा कधी? आणि वर तो मध, ती लाळ! असलं चंचल साहित्य काळाच्या कसोटीला उतरत नसतं."

"मग मी काय करू?"

"सगळ्या प्रती गोळा करा. हस्तलिखितासकट. एकही बाहेर फिरता कामा नये. इथं आणून ठेवा आणि पावसाळाभर कुणी हात लावायचा नाही." शास्त्रीबुवांची जीभ बाहेर आली आणि हळूच आत गेली. "सात भाग म्हणजे... मजकूर बराच आहे."

साळूबाई दारोदार फिरली. अस्वलाच्या पोरांनी शेवटचे एकदा पान चाटून पुस्तके दिली. वानरांच्या पोरांनी ती झाडावरून खाली टाकली आणि शेंड्यावर जाऊन पाठ फिरवून बसली. साळूबाई सगळ्यांना सांगत होती, पावसाळा संपला की परत मिळेल हो. तिचा त्यावर खरेच विश्वास होता. खाल्लेले पुस्तक परत कसे मिळेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. सन्मानाची ओढ लागली की शहाण्यासुरत्यांनाही असे होते.

भुरी मात्र दारातच आडवी उभी राहिली.

"देऊ नका बाई त्या खवल्याला. त्याची नजर बरी नाही."

"अगं, टुक्या अमर होईल."

"अमर होऊन काय करायचंय? आत्ता माझी पोरं घटकाभर गप बसतात, तेवढं रग्गड झालं."

"तुला नाही कळायचं ते, भुरे," साळूबाई म्हणाली. असे तोडून बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

अकरा पोरांनी आपापली पाने आणून दिली. धाकटी गिड्डी राहिली. तिच्याकडे शेवटची पाने होती. तिने ती पोटाखाली घातली आणि वर बसली.

"दे बाळ. पावसाळा संपला की आणून देते."

"नाही देणार."

"शहाणी ना तू?"

"नाही."

साळूबाईने पानांचे टोक धरून ओढले. गिड्डीने दुसरे टोक दातांत धरले. आणि मग, मुलांनो, साळूबाईच्या पाठीवरचे काटे खर्रकन उभे राहिले. आजवर ते फक्त वाघापुढे उभे राहिले होते. गिड्डी रडली नाही. तिने पाने सोडली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

साळूबाईला स्वतःची अतोनात लाज वाटली. पण पाने हातात आली होती आणि आभाळ भरून आले होते. तिने वारुळाची वाट धरली.

पावसाळाभर शास्त्रीबुवांचे चिंतन जोरात चालले. साळूबाई रोज लांब उभी राहून विचारी, "काही कळलं का हो?"

"वाळवी दुसऱ्या भागात रंगलीय," शास्त्रीबुवा तोंड पुसत सांगत. किंवा, "तिसऱ्यात जरा रेंगाळली होती, पण चौथा तिला भलताच आवडला."

साळूबाई हरखून जाई. आपले लिखाण इतके बारकाईने आजवर कुणी वाचले नव्हते, असे तिला वाटे. घरी जाताना ती मनातल्या मनात चौथ्या भागाची पाठ थोपटी.

पाऊस सरला. वारुळाशेजारच्या मोहाच्या झाडाखाली समारंभ झाला. त्या जंगलात नारळ होत नसे, म्हणून शालीबरोबर बेलफळ दिले. शास्त्रीबुवा इतके धष्टपुष्ट झाले होते की त्यांना दोघांनी धरून उभे केले.

"मित्रहो," ते म्हणाले, "सातही भाग! एक अक्षर शिल्लक नाही! वारुळात असं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. 'शेपटीनगर' आजपासून अभिजात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हत्तींनी सोंडा उंच केल्या. त्यांनी पुस्तक वाचले नव्हते; आता वाचावे लागेल ही भीतीही उरली नव्हती, म्हणून त्यांनी अगदी मनापासून कौतुक केले. साळूबाईच्या डोळ्यांना धार लागली.

"मी दोन ओळी वाचून दाखवते," ती म्हणाली आणि वारुळात हात घातला. हाताला माती लागली. तिने आणखी आत हात घातला. आणखी माती लागली.

"शास्त्रीबुवा, पुस्तक कुठंय?"

"कशाला?"

"वाचायला."

"बाई, अभिजात मानायचं असतं," शास्त्रीबुवा हलक्या आवाजात म्हणाले. "लोकांसमोर काहीतरी काय बोलता?"

"पण मी पिल्लांना परत द्यायचं कबूल केलंय!"

"त्यांना दगड दाखवा. नाव सुबक कोरलंय."

साळूबाई घरी आली. शाल काट्यांत अडकून फाटली होती. तिने एक काटा उपटला आणि पुन्हा लिहायला बसली. पहिला भाग बराचसा आठवला. चौथाही थोडाफार आठवला. सातव्याचा शेवट मात्र काही केल्या आठवेना. शेपटी टुक्याकडे परत येते, एवढे पक्के आठवे. पण ती कशी येते, काय बोलते, ते सुचेना. तेवढ्यात शास्त्रीबुवांचा निरोप आला: अभिजात ग्रंथात आता कुणी ढवळाढवळ करू नये, लेखिकेने तर मुळीच करू नये. साळूबाईला संताप आला. आणि खरे सांगायचे, तर थोडे सुटल्यासारखेही वाटले.

त्यानंतर तिने भुरीच्या घराची वाट सोडली. पाणवठ्यावर जायचे तर ती लांबचा वळसा घेई. असे दोन हिवाळे गेले.

एकदा वळशाच्या वाटेवर दरड कोसळली आणि तिला भुरीच्या दारावरून जावे लागले. मान खाली घालून ती झपाझप निघाली होती. तेवढ्यात झुडपामागून आवाज आला.

"...मग वाघाची शेपटी म्हणाली, टुक्या, तुझी शेपटी त्या तिकडे राहते, चिंचेखाली."

साळूबाईचे पाय जागीच थबकले. तिने झुडपातून डोकावून पाहिले. भुरीच्या नव्या पोरांचा घोळका बसला होता. अस्वलाची दोन होती, वानराचे एक होते. मधोमध गिड्डी. चांगली थोराड झाली होती.

"टुक्या म्हणाला, चल घरी. तर शेपटी म्हणाली, मी नाही येणार. तुला नवी फुटली की नाही? मग मी माझं गाव का सोडू?"

"चूक!" साळूबाई ओरडली. सगळ्यांनी वळून पाहिले. "चूक आहे ते! शेपटी परत येते!"

"नाही येत," गिड्डी म्हणाली.

"येते! मला विचार. मी लिहिलंय ते!"

गिड्डीने तिला खालून वर न्याहाळले. ओळखले की नाही, ते कळले नाही.

"आजी, लिहिणारी कधीच मेली," ती म्हणाली. "तिचा दगड आहे वारुळापाशी. आम्हाला शाळेतून नेऊन दाखवलाय."

"अगं पण मी—"

"अभिजात लेखक मेलेलेच असतात. मी बाईंना विचारलं होतं. जिवंत एकसुद्धा नाही म्हणाल्या."

साळूबाईने एकदा आपल्या हातापायांकडे पाहिले.

"ऐकायचं असेल तर मागं बसा," गिड्डी म्हणाली. "पुढं बसलात तर काटे टोचतात सगळ्यांना."

साळूबाईने पाठीवरचे काटे जमतील तेवढे चापून बसवले आणि सगळ्यांच्या मागे जाऊन बसली. गिड्डी पुढे सांगू लागली. टुक्या एकटाच माघारी निघाला होता. वेशीपर्यंत आला होता. साळूबाईला राहवेना.

"मग?" तिने विचारले. "मग शेपटीनं काय केलं?"

"सांगते," गिड्डी म्हणाली. "मधे बोलायचं नाही."

तात्पर्य: मुलांनो, चांगले पुस्तक पोरांच्या हाती कधीही देऊ नये. पोरे ते चाटतात, फाडतात, विसरतात, आणि पुढे भलत्याच शेवटासकट भलत्यालाच सांगत सुटतात. अशाने ते एका जागी राहत नाही आणि त्याचा दगड कुठे रोवावा, हे कुणालाच कळत नाही. तेच वारुळात ठेवले तर सगळे शिस्तीत पार पडते, वाळवी बाळसे धरते आणि साहित्याचे चिंतन करणारेही. हे तात्पर्य नीट पाठ करा. परीक्षेत हेच विचारतात; गोष्ट विसरलात तरी चालेल.