एका दुपारपुरती गरिबी

गरिबीचं सोंग वठवायला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडायचा नाही, मंडळी! घड्याळांच्या चार शोरूमचा मालक असलो म्हणून काय झालं? उभा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलाय. गरीब भक्ताची गळकी झोपडी मला स्वतःच्या बंगल्यापेक्षा जास्त पाठ आहे!

"बाबा, पण तुम्ही जास्त बोलू नका हं!" चिरंजीव काकुळतीला आले होते. शाळेत पोरं त्याला 'एटीएम' म्हणायची. खाऊन-पिऊन झालं की सगळ्यांच्या नजरा याच्या खिशावर! म्हणून या महागड्या खाजगी कॉलेजात त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आम्ही गरीब, मी शिष्यवृत्तीवर शिकतो." आणि काय नवल, जन्मात पहिल्यांदा जिवाभावाचे मित्र मिळाले! आज तेच मित्र आमचं घर बघायला येणार होते. बिंग फुटलं की पुन्हा एटीएम.

आम्ही मागच्या दारची अडगळीची खोली झाडून घेतली, तिथे एक मोडकी खाट टाकली. बायकोला बांगड्या काढायला सांगितल्या.

"घडवायच्या वेळी वर्षभर कुरकुरलात, काढायच्या म्हटलं की लगेच उत्साह!"

तेवढ्यात एक लंबू आणि एक चष्मेवाली दारात हजर.

"काका, फार हाल काढलेत ना तुम्ही?" चष्मेवालीने विचारलं.

झालं! माझा सूर लागला. "काय सांगू पोरी! एक घास तिघांत वाटून खाल्लाय. हिच्या अंगावर एकच लुगडं, तेही फाटकं..."

"कधी?" ही कुजबुजली.

"गप! आख्यान रंगात आलंय!"

मी असा काही रंगलो की माझ्याच डोळ्यांना धार लागली. लंबू तर हमसून हमसून रडायला लागला. त्याने मोज्यात हात घालून एक घड्याळ काढलं आणि माझ्या हातात कोंबलं.

"काका, हे विका, पण याचं शिक्षण थांबवू नका!"

हाताला सवय वाईट! घड्याळ आपोआप कानाला गेलं, मग उजेडात, मग उलटं.

"अहाहा! काय चीज आहे! हा माल फक्त आपल्याच शोरूममध्ये मिळतो! पट्टा मात्र चुकीचा लावलाय. उद्या पाठवून दे, फुकट बदलून देतो!"

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला.

"आपल्या... शोरूममध्ये?" चष्मेवाली म्हणाली.

चिरंजीव मात्र लंबूकडे वळले. "आणि हे तुझ्याकडे कसं? तुझे बाबा टेम्पो चालवतात ना?"

"चालवतात की! म्हणजे... पुष्कळ टेम्पो चालवतात. माणसं ठेवून."

चष्मेवालीचा चेहरा लालबुंद झाला. "मग माझंही ऐका. आईची खानावळ आहे म्हटलं होतं ना? ती पाच मजली आहे. शाळेत मला 'बँक' म्हणायचे रे!"

तिघं एकमेकांकडे बघून असे खदाखदा हसले की खाटेचा एक पाय निखळला! माझ्या पोराला इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे पुन्हा भरून आले, या वेळी खरेखुरे.

हसून हसून सगळ्यांना भूक लागली, म्हणून बाहेर जेवायला गेलो. भरपेट जेवण झालं, बिल आलं. तिघं ताठ मानेने बसून होते. आता कोणीच कोणाचं एटीएम नव्हतं!

मग तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी देवाचं नाव घेतलं आणि पाकीट काढलं. काय करणार? गरिबी माझ्या एकट्याचीच संपली होती!