तारेला विचारणारे कानिटकर काका

आधी नाव सांगतो: कानिटकर काका. ते नसते तर मी चारबाग स्टेशनवरून मिळेल ती गाडी धरून कराडला परतलो असतो, आणि नववी नापास पोरगं लखनौहून काय घेऊन आलं, तर घाम, असं आमच्या गल्लीनं म्हटलं असतं.

काका आमच्या संशोधन संस्थेत कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. मी तिथे कंत्राटावर वायरी ओढणारा. नेट बिघडलं की काका आधी डोळे मिटून वायरीवर दोन बोटं ठेवत, वैद्य नाडी बघतो तशी. त्यातून काही कळत नाही, हे त्यांनीच एकदा कबूल केलं होतं. मग म्हणत, "दिनू, माणसाला विचारू नये. तारेला विचारावं. तिला खोटं बोलता येत नाही." लखनौच्या महानगर भागातल्या त्यांच्या घरी दूध पातळ यायला लागलं, तेव्हाही दूधवाल्याला त्यांनी अवाक्षरानंही विचारलं नाही. तीन सकाळी वही घेऊन फाटकाशी बसले. चौथ्या दिवशी तोच हात जोडून म्हणाला, "साहब, उठ जाइए, कल से ठीक आएगा."

तर एकदा रोज दुपारी एक वाजता संस्थेचं नेट बंद पडू लागलं. अर्ध्या तासानं आपोआप सुरू. नको त्या साइट अडवणारा एक फिल्टर सर्व्हर होता, सगळ्यांचं नेट त्याच्यातूनच जायचं. त्याची वायर नुकतीच मी बदललेली. प्रशासनातले श्रीवास्तवजी कडाडले, "इसी लड़के ने कुछ किया है. शुक्रवार तक ठीक नहीं हुआ तो छुट्टी."

काकांनी सर्व्हरशेजारी लॅपटॉप लावला. तारेतून सगळं छोट्या छोट्या पॅकेटांत जातं, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा नंबर. लॅपटॉप ती येता-जाता टिपून ठेवतो. एक वाजला, बोंब झाली, मी धावत आलो.

"बघ," काका म्हणाले. "तारेवर कुणीतरी विचारतंय, फिल्टरचा नंबर कोणाकडे? आणि दोघं ओरडतायत, माझ्याकडे, माझ्याकडे! एक आपला सर्व्हर. हा दुसरा शहाणा कोण रे?"

दुसरा शहाणा मी होतो.

स्टोअररूममध्ये भंगारातला एक कॉम्प्युटर मी जोडला होता. कराडच्या सायबर कॅफेत बहीण आईला घेऊन दुपारी एक वाजताच यायची, आणि चॅट फिल्टरमध्ये अडायचं. मी डोकं लढवलं: फिल्टर सगळ्यांना अडवतो, त्याला स्वतःला कोण अडवणार? म्हणून रोज त्या अर्ध्या तासापुरता माझ्या कॉम्प्युटरला त्याचाच नंबर लावायचो. आणि दोन आठवडे, नेट कोणामुळे बंद पडतंय, याची सगळ्यात जास्त काळजी मीच करत होतो!

"काका, मी..." एवढंच निघालं. तेवढ्यात श्रीवास्तवजी आत आले.

"पुरानी मशीन थी, नंबर गलत पड़ गया था," काका म्हणाले. "हटवा रहा हूँ."

"किसने डाला? नाम बताइए, कानिटकर साहब."

"तार में नाम नहीं आता, श्रीवास्तवजी. नंबर आता है."

दुसऱ्या दिवशी काकांनी फिल्टरची सवलतीची यादी, म्हणजे कोणाला काय अडवायचं नाही ती, उघडली. एकच ओळ होती: त्यांचाच कॉम्प्युटर, चॅट, दुपारी एक ते दीड.

"मुलगी चॅटवर येणार होती बोलायला. तिकडे कॅनडात तिला वेळ जमत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं ओळ नुसती पडून आहे. बस इथे, तू वापर."

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. आईला सगळं सांगितलं. बहिणीनं आईचा निरोप टाइप केला: काका जेवले का, विचार.

काकांनी वाचलं. चष्मा पुसला. टेबलावर त्यांचा डबा तसाच बंद होता.

"कळव, जेवलो म्हणून," ते म्हणाले.

काकांच्या तारेवरून खोटं गेलं ते तेवढंच, आणि ते माझ्या हातानं गेलं.

काका, तुमचा तो अर्धा तास माझ्याकडे उधार आहे. एक दिवस, बरोबर एक वाजता, जेवलात का म्हणून तुम्हाला कोणीतरी विचारेल, आणि रोज विचारेल, अशी व्यवस्था मी करणार आहे. या वेळी माझ्या स्वतःच्या नंबरवरून.